कोठीवरचे हात

मी एक जुनी शिसवी फळी आहे, मित्रांनो. हातभर लांब, वीतभर रुंद, वरच्या कडेला पितळी चिमटा. ग्वाल्हेरातल्या हजिऱ्याच्या एका सुतारानं मला मोडक्या पलंगाच्या उशाच्या पाटातून कापलं. म्हणजे माझा जन्म झोपेसाठी होता आणि नशिबी आली पायपीट.

माझं काम सोपं होतं. कागद चिमट्यात अडकवायचे, मला डाव्या हातावर धरायचं आणि गावात जाऊन विचारायचं: शेत किती, पिकलं किती, खत कुठलं, घर कशावर चालतं? काही वर्षांनी पुन्हा त्याच घरी जायचं आणि तेच विचारायचं. पहिल्या खेपेला कोणीही जातं. खरी परीक्षा दुसऱ्या खेपेची.

माझी पहिली खेप एकोणीसशे एक्कावन्नची. ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन होऊन तीन वर्षं झाली होती आणि जमीनदारी जाण्याच्या बेतात होती. फूलबागेजवळच्या शेती-सुधार कचेरीतले दिनकरराव मला घेऊन पिपरौली गावात गेले. दिनकरराव सज्जन माणूस, अक्षर मोत्यासारखं, गुडघे मात्र कुरकुरणारे. ते चौपालावर, म्हणजे गावाच्या पारावर, खाटेवर बसले, गावातले पुरुष समोर आले आणि तेवीस घरांची माहिती दुपारच्या जेवणाआधी पुरी झाली. एकाही घराचा उंबरा मी पाहिला नाही. तेव्हा मला तेच बरं वाटलं.

मग गावात काम सुरू झालं. सगळं शेण चुलीत न जाळता निम्मं खड्ड्यात कुजवायचं आणि उतारावर बांध घालायचा, म्हणजे पाणी आणि माती दोन्ही शेतातच राहतील. गावानं पाच वर्षं शेणाच्या पाट्या वाहिल्या. बांध निम्म्यावर आला.

छप्पन्न सालच्या ऑक्टोबरात मी विमलताईंच्या हातात आले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठा शिलेदाराच्या घरातली ही लेक, तिशीची. घराण्यात तलवारी होत्या. हिच्या वाट्याला मी. एक नोव्हेंबरला मध्यभारत मिटून नवं राज्य होणार होतं आणि कचेरीतली दप्तरं भोपाळला जायची होती.

दिनकरराव म्हणाले, "विमलताई, पिपरौलीची दुसरी खेप एकतीस तारखेच्या आत हवी. पीक वाढलेलं दिसलं तर बांधाची फाइल पुढे जाईल. नाही तर इथेच बंद."

"आणि उरलेला बांध?"

"उरलेला तसाच उरेल."

पहिल्या दिवशी विमलताई चौपालावरच बसल्या. घरामागून घर उतरवत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. एक्कावन्न साली ज्यानं बारा मण गहू सांगितला होता, तो आता आठ म्हणत होता. दहावाला सहा. कागद म्हणत होता, पाच वर्षं शेण वाहून गाव खड्ड्यात गेलं.

दुपारी पाणी प्यायला त्या त्याच आठ मणवाल्याच्या बायकोकडे, गेंदाकाकीच्या घरात गेल्या. मीही गेले, काखेत. आतल्या खोलीत धान्याची मातीची उंच कोठी होती आणि तिच्या अंगावर गेरूचे हात उमटलेले. एकावर एक, तिरके, काही पुसट.

"काकी, ये हाथ कैसे?"

"चैत में नाज भरते हैं न बिन्नू, तो जहाँ तक भरा, वहाँ हाथ लगा देते हैं. लिपाई में भी नहीं मिटाते." काकीनं पदर सावरला. "बाहर के मरद को कोठी नहीं दिखाते. तुम तो बेटी हो."

काकीनं बोट ठेवून दाखवलं, एक्कावन्नचा हात गुडघ्याशी होता. यंदाचा कमरेच्या वर.

विमलताईंनी चिमट्यातला कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "और काका ने मुझे आठ मन लिखवाए."

काकी हसली. "जब जमींदारी जा रही थी तो अफवाह थी कि जो ज्यादा बताए, जमीन उसी की. सो सबने बढ़ाकर बताया. अब अफवाह है कि नया राज लगान बढ़ाएगा. सो घटा दिया. मरद तो हवा देखकर बोलते हैं. कोठी बेचारी हवा क्या जाने."

मग तीच गंभीर झाली. "तुम ये हाथ लिख लोगी, तो लगान तो नहीं बढ़ेगा?"

विमलताईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "मैं राज नहीं हूँ काकी, वचन कैसे दूँ? नाम नहीं लिखूँगी, घर का नंबर लिखूँगी. पर न लिखूँ तो बाँध यहीं रुक जाएगा. तुम्हारे खेत से ऊपर."

काकीनं दाराबाहेर, आपल्या शेताच्या दिशेनं पाहिलं. मग कोठीसमोरची घागर बाजूला सारली.

"नाप लो."

मोजायला काय होतं? मीच. विमलताईंनी चाकूनं माझ्या कडेवर बोटाबोटाच्या अंतरावर खाचा पाडल्या. दुखलं, खोटं कशाला सांगू? मला कोठीला टेकवून उभं केलं. एक्कावन्न: एक फळी आणि दोन बोटं. छप्पन्न: दोन फळ्या आणि पाच. मधलं एक वर्ष कोरं होतं. त्या चैतात काकीची सून गेली होती. हात लावायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. विमलताईंनी तो रकाना कोराच ठेवला.

चार दिवस काकी पुढे, आम्ही मागे. तेवीस घरांपैकी दोघींनी दार उघडलं नाही. तिघींच्या कोठ्या नव्या होत्या, जुने हात जुन्या मातीबरोबर गेलेले. उरलेल्या अठरांत सतरा घरांचे हात वर चढले होते. एका घराचा खाली आला होता.

दिनकररावांनी कागद पाहून चष्मा काढला. "कोठीवरचे हात? नमुन्यात असा रकानाच नाही."

"नाही, म्हणून आखलाय. फळीच्या कडेनं."

"आणि हे खाली गेलेलं घर? हे एक सोडलं तर चित्र छान दिसेल."

"चित्र नाही काढलं मी. विचारून आलेय."

दिनकररावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. विमलताई हळूच म्हणाल्या, "तुमच्या पहिल्या खेपेवर शेरा हवा, रावसाहेब. माहिती चौपालावर घेतली, घरी जाऊन पडताळली नाही, असा."

"माझ्याच अहवालावर मीच शेरा मारू? बत्तीस वर्षं नोकरी झाली माझी."

"तुमच्यासारखं अक्षर दुसऱ्या कोणाचं आहे?"

त्यांनी एक्कावन्नचा आपला कागद पुन्हा एकदा वाचला. मग मला ओढून घेतलं, कागद माझ्यावर ठेवला आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात शेरा लिहिला. टाकाचा प्रत्येक फराटा मला अंगावर कळत होता. एकतीस तारखेला फाइल भोपाळच्या गाठोड्यात गेली.

दीड वर्षानं आम्ही पुन्हा पिपरौलीला गेलो, माझी ही तिसरी खेप. बांध पुरा झाला होता. लगान वाढला का, हे विमलताईंनी आधी विचारलं, वाढला नव्हता. चैत होता, काकीचा हात गेरूनं ओला होता. तिनं कोठीवर ठसा दिला आणि उरलेल्या रंगाचा हात माझ्या पाठीवर दाबला. "ये तुम्हारी कोठी का."

त्यानंतर मी खूप वर्षं राबले, मग खूप वर्षं माळ्यावर पडले. कागदाची गरज सरली, तशी माझीही. परवा विमलताईंची नात शामला मला ग्वाल्हेरच्याच सिटी सेंटर भागातल्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. तीही गावोगाव विचारत हिंडते, हातातल्या पडद्यावर बोटं फिरवत. तिनं ओलं फडकं घेतलं, माझी धूळ पुसली, मला उलटं केलं आणि पाठीवरच्या लाल डागावर फडकं ठेवलं.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही.

पण ती थांबली. डागाला पाच बोटं आहेत हे तिला दिसलं. तिनं आपला हात त्यावर ठेवून पाहिला, मग आईला फोन लावला. "आई, आजीच्या फळीवर कोणाचा गं हात आहे?"

जुनी वस्तू जपा, असं तर सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मी एवढंच मागते. पुसण्याआधी विचारा. आणि उत्तर चौपालावर मिळालं, तरी एकदा घरात जाऊन या.

आईला गावाचं नाव तेवढं आठवलं, म्हणून शामला येत्या चैतात पिपरौलीला जाणार आहे. मला बरोबर नेणार म्हणाली. खाचा अजून शाबूत आहेत.