गेट थांबायला हवं होतं

माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, पण हौस दुरुस्तीची. मिक्सर, नळ, कुकरची शिट्टी, घरातली एकही वस्तू त्याच्या तावडीतून धड सुटलेली नाही. म्हणून आमचं आपोआप सरकणारं गेट बंद होताना अर्ध्यावरून मागे फिरायला लागलं, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "कंपनीच्या माणसाला बोलाव."

"एवढ्याशासाठी?" म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेला. थोड्या वेळाने हात पुसत आला. "झालं. आता बघ कसं चालतं."

खरंच चालत होतं. उघडायचं, जरा थांबायचं, आपलं आपण बंद व्हायचं. मी तोंड भरून कौतुक केलं, याचा मला अजून संताप येतो.

त्याच संध्याकाळी सासूबाई समोरच्या घरातून परत येत होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या वॉकर घेऊन चालतात. रस्ता ओलांडून मैत्रिणीकडे जायचं आणि गप्पा मारून यायचं, एवढीच काय ती त्यांची चैन. मी व्हरांड्यातून रिमोटने गेट उघडलं. त्या गेटच्या रुळापाशी आल्या आणि वॉकरचा पाय रुळात अडकला. त्या तो सोडवत असतानाच गेट बंद व्हायला निघालं.

मी घाबरले नाही. दोन्ही खांबांवर समोरासमोर सेन्सर आहेत. मध्ये कोणी आलं की गेट मागे जातं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. थांबेल, आत्ता थांबेल, म्हणत मी नुसती बघत राहिले.

ते थांबलं नाही.

"आई, सोडा तो वॉकर! मागे व्हा!" मी ओरडत पळाले आणि पळता पळता रिमोट दाबला. गेट थांबलं. पण घाबरलेला अंगठा थोडाच थांबतो? मी दाबतच सुटले. गेट उघडायला लागलं, पुन्हा थांबलं आणि पुन्हा बंद व्हायला निघालं. वॉकरची नळी खांबावर दाबली जाऊन वाकली. सासूबाई तिला घट्ट धरून उभ्या. तेवढ्यात नवऱ्याने धावत येऊन गेटचा मेन स्विच बंद केला.

कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. मी त्यांना कवेत धरून सावरलं. आणि हा म्हणतो काय, "आई, गेट येतंय हे दिसलं नाही का तुला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यांना काय विचारतोस? सेन्सरचं काय केलंस ते सांग!"

त्याने मान खाली घातली. मध्ये कोणी नसतानाही सेन्सर गेटला अडवत होता, म्हणून त्याने त्याच्या वायरी काढून एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. त्यामुळे गेटला वाट सदा मोकळीच वाटत होती. मी जाऊन पाहिलं, तर सेन्सरच्या काचेवर कोळ्याचं जाळं. फडकं मारलं असतं तरी भागलं असतं.

"दिवसभर लोकांच्या काचा पुसतोस," मी म्हटलं, "ही एक पुसता आली नाही?"

त्याने कंपनीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन सगळं नीट करून, तपासून गेला. नवा वॉकरही आला. पण सासूबाई गेटकडे फिरकेनात. मैत्रीण समोरून हाका मारायची. "आज पाय दुखतोय गं," म्हणायच्या आणि आत जाऊन पडायच्या. त्यांचं जेवण कमी झालं. मी नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होते.

एका संध्याकाळी त्याने आईला हाताला धरून व्हरांड्यात आणून खुर्चीत बसवलं, रिमोट माझ्या हातात दिला आणि गेटपाशी गेला. "दाब."

गेट उघडलं, जरा थांबलं आणि बंद व्हायला निघालं, तसा तो मध्ये शिरला आणि गेटकडे पाठ करून उभा राहिला. माझा जीव टांगणीला लागला. राग होता, पण इतका नव्हता. गेट त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबलं आणि मागे गेलं.

"आई, बघितलंस?"

सासूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. त्याने पुन्हा करून दाखवलं. मग पुन्हा. त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि तो आईकडे लहान मुलासारखा बघत होता.

सासूबाई उठल्या. वॉकर टेकत टेकत गेटपर्यंत गेल्या. "हो बाजूला," त्याला म्हणाल्या. रूळ ओलांडला, रस्ता ओलांडला, मागे वळूनही पाहिलं नाही. मैत्रिणीने दार उघडलं.

तो तिथेच रुळावर मटकन बसला आणि रडायला लागला. मलाही राहवलं नाही. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले.

तोच समोरून सासूबाईंचा आवाज आला, घाबराघुबरा, चिरकलेला. "अगं, त्याला उठव आधी तिथून! त्या मेल्या गेटचा काय भरवसा!"