मी मोजलेले खोटे सेकंद

मित्रांनो, पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर लटकून मला अकरा वर्षे झाली. मी तिथले शर्यतीचे घड्याळ. आकडे लाल, पत्रा आता कडेने गंजलेला.

माझ्या पोटात एक स्फटिक आहे. तो सेकंदाला लाखो ठोके देतो. ते टप्प्याटप्प्याने भागत आणावे लागतात. शेवटच्या टप्प्यात पन्नास ठोके झाले की माझा आकडा एका घराने पुढे सरकतो. हा भाजक माणूस ठरवतो आणि माझ्या चिपला लिहून देतो. मला त्यात बोलायला जागा नसते.

पहिली आठ वर्षे मी चोख चाललो. शिकवणाऱ्या बाईंनी हातातले घड्याळ खणात टाकून दिले. म्हणायच्या, भिंतीवरचे घड्याळ सांगेल ते खरे. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग माझ्यात पाणी शिरले आणि चिप जळली. दुरुस्तीवाल्याने नवी बसवली आणि जुनाच भाजक लिहिला, पन्नास. पण नवी चिप शून्यापासून मोजणारी होती. शून्य ते पन्नास, म्हणजे एक्कावन्न ठोके. तिला एकोणपन्नास लिहायला हवे होते. त्याने मनगटावरच्या घड्याळाशी दहा सेकंद ताडून पाहिले, मान डोलावली आणि शिडी उचलली. मी मात्र दर मिनिटाला सेकंदाहून जास्त मागे पडत होतो. मला ते कळत होते आणि मी तेच आकडे दाखवत होतो.

तलावावर बारकी नावाने ओळखली जाणारी चौदा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील तलावाची देखभाल करायचे. जिल्हा संघाच्या निवडीला जायचे तर शंभर मीटर सहासष्ट सेकंदांच्या आत हवे होते. एका सकाळी तिने भिंतीला हात लावला आणि मी पासष्ट पूर्णांक सहा दाखवले. बाईंनी तिला ओलीचिंब उचलून घेतले. वडील हातातला झाडू तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. तिला खरे तर सहासष्ट पूर्णांक नऊ लागले होते.

निवडीच्या ठिकाणीही तिला सहासष्ट पूर्णांक नऊच लागले आणि ती बाद झाली. ती परत आली तेव्हा बाईंनी तिला माझ्याचखाली उभे केले.

“इथे वाघीण आणि तिथे पाय गळाले? घाबरलीस तू.”

बारकी म्हणाली, मी घाबरले नव्हते. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. वडीलही हळूच म्हणाले, “घड्याळ कशाला खोटं बोलेल, बाळा?”

त्यानंतर ती पोहायला आली नाही. वडील मात्र रोज सकाळी माझी काच पुसायचे. त्यांचा चेहरा वीतभर अंतरावर असायचा आणि मी गप्प.

दोन वर्षांनी पाण्याची गाळणी धुताना त्यांनी फोनवर दहा मिनिटांचा गजर लावला आणि त्याच वेळी मलाही शून्यापासून सुरू केले. गजर वाजला तेव्हा मी नऊ मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद दाखवत होतो. त्यांनी तीनदा तसेच करून पाहिले आणि मग तिथेच ओल्या फरशीवर बसले.

दुरुस्तीवाला आला. चूक सापडल्यावर तो बाईंच्या नजरेला नजर देईना. एकोणपन्नास लिहायला त्याला एक मिनिट लागले.

बाईंनी बारकीला बोलावून घेतले. ती आता उंच झाली होती. बाई तिला म्हणाल्या, “तू घाबरली नव्हतीस. इथे पोहायचीस तेवढ्याच वेळात तिथे पोहलीस. चूक घड्याळाची होती, आणि मी तुला दोष दिला. माझं चुकलं.”

बारकीने विचारले, “म्हणजे पासष्ट कधी आलेच नव्हते?”

“नव्हते,” बाई म्हणाल्या.

“बरं,” ती म्हणाली. वडिलांच्या हातातली बादली घेऊन ती त्यांच्याबरोबर दाराकडे गेली. पुन्हा पोहायला ती आली नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या माझ्यासारख्यांचे भाजक लिहाल. चिप कुठून मोजायला लागते ते आधी वाचा. दहा सेकंदांवर समाधान मानू नका, तासभर ताडून बघा. माझी चूक मला कळली तरी मला ती सांगता येत नाही. आणि एखादे मूल ‘मी घाबरलो नव्हतो’ म्हणाले, तर भिंतीकडे बोट दाखवण्याआधी एकदा दुसऱ्या घड्याळात बघा.