शेवटचं प्रकरण आणि व्याह्यांची दाढ

मी दातांची डॉक्टर आहे, पन्नाशी ओलांडली आहे, आणि मी शाळकरी मुलींच्या रहस्यकथा वाचते. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल मुरडावं. नाक माझ्या खात्यात येत नाही.

ही पुस्तकं आमच्या सुनेबरोबर घरात आली. कपड्यांच्या दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक खोकं. मालिकेचं नाव 'खिडकीखालची टोळी'. तीन मुली, एक लंगडं मांजर आणि शाळेतून सतत काहीतरी गायब. कधी पोहण्याच्या स्पर्धेचा कप, तर कधी अख्ख्या वर्गाचे डाव्या पायाचे बूट. खून नाही, रक्त नाही. रक्त मी दिवसभर बघतेच. एका रविवारी सहज म्हणून एक पुस्तक उघडलं आणि भाजी करपल्याचा वास आला तेव्हाच भानावर आले. तेव्हापासून दिवस कितीही वैतागाचा जावो, घरी येऊन पाय वर घेतले आणि टोळीत जाऊन बसले की मला कुणाचं काही देणंघेणं नसतं.

माझ्या असिस्टंटलाही मी बिघडवलं. दारातून वाकून आत यावं लागतं इतकी ती उंच, म्हणून तिला सगळे छोटी म्हणतात. आम्ही दोघी पेशंटच्या उघड्या तोंडावर संशयितांची चर्चा करतो. पेशंटला मध्ये बोलता येत नाही, ही या धंद्यातली फार मोठी सोय आहे.

आता व्याही. सुनेचे वडील उंच इमारतींना काचा बसवतात. विसाव्या मजल्याच्या बाहेर दोरावर लटकून चहा पिणारा माणूस, पण दातांच्या खुर्चीचं नाव काढलं की हातपाय गार. दाढ किडून गाल टम्म फुगला, झोप उडाली, तरी दोनदा माझ्या दवाखान्याच्या दारातून पळून गेले. शेवटी सून रडकुंडीला आली. बाबा दुसऱ्या कुणाकडे जायचे नाहीत, तुम्हीच त्यांची दाढ वाचवा आई, म्हणाली. मी शब्द दिला. दाढ वाचण्यासारखी होती, पण रूट कॅनलच्या तीन बैठका पुऱ्या व्हायला हव्या होत्या. मध्येच सोडली तर दाढ गेलीच.

पहिल्या बैठकीला त्यांनी खुर्चीचे हात असे आवळले होते की ते उपटून येतील असं वाटलं. व्याही पडले मानाचं माणूस, दटावताही येईना. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी तेव्हा वाचत होते त्या बाराव्या पुस्तकाची गोष्ट सुरू केली. परीक्षेच्या तोंडावर शाळेची घंटाच चोरीला जाते. ड्रिलचा आवाज चढला तसा मीही आवाज चढवला. वॉचमन, कॅन्टीनवाल्या बाई, व्यायामाचे सर, सगळ्यांवर संशय. व्याह्यांच्या मुठी हळूहळू सैल झाल्या. मांजराला घंटेचा तुटका दोर सापडला, तिथे मी थांबले आणि पुढचं पुढच्या बैठकीत म्हणून सांगितलं.

दुसऱ्या बैठकीला ते वेळेच्या आधी हजर. छोटीनं व्यायामाच्या सरांची नक्कल केली तेव्हा तोंडात कापूस असूनही व्याह्यांचं पोट हलत होतं.

इकडे माझी वेगळीच पंचाईत. मालिकेचं हे शेवटचं पुस्तक होतं. यानंतर टोळी नाही, मांजर नाही, काही नाही. म्हणून शेवटचं प्रकरण मी राखून ठेवलं होतं. रोज पुस्तक उघडायची, वास घ्यायची आणि मिटायची. पुढे वाचलंस तर याद राख, अशी छोटीलाही तंबी दिली होती, तीही खुर्चीतल्या व्याह्यांच्या देखत.

तिसऱ्या बैठकीला व्याही आले, बसले, मिशीवरून हात फिरवला. मी इंजेक्शन उचललं.

"विहीणबाई, ते पुस्तक मी विकत आणलं," ते म्हणाले. "घंटा कुणी चोरली ते मला माहीत आहे. सुई जवळ आणलीत तर नाव सांगेन."

छोटीनं हातमोज्यांसकट कान झाकले. इतका पाताळयंत्री माणूस बारा पुस्तकांत भेटला नव्हता. मला संताप आला आणि हसूही आवरेना. खरं सांगते, क्षणभर मोह झाला. गोळ्या लिहून दिल्या असत्या तर व्याही आनंदानं घरी गेले असते आणि माझं प्रकरण शाबूत राहिलं असतं. दाढ मात्र हातची गेली असती, आणि सुनेला मी कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?

मी मास्क खाली केला.

"सांगा नाव," मी म्हणाले. "आणि मग आ करा. दाढ मी सोडणार नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एका शाळेच्या घंटेपायी.

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, छोटीकडे पाहिलं, डोळे गच्च मिटले आणि आ केला. नाव काही बाहेर आलं नाही. दाढ भरून होईपर्यंत मी त्यांना पहिल्या पुस्तकाची गोष्ट सांगितली.

काम संपल्यावर त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. खुणेसाठी काच मोजायची पट्टी घातली होती, ती बरोबर शेवटच्या प्रकरणाच्या आधी.

"थाप मारली," ते वाकड्या तोंडानं म्हणाले. "दर वाढदिवसाला पोरीला ही पुस्तकं मीच आणून द्यायचो. आत काय आहे ते कधी उघडून बघितलं नाही. आता शेवट एकट्यानं वाचायचं जिवावर आलं."

मी लगेच सुनेला फोन लावला. ती धावतपळत आली, काहीतरी बिघडलं या समजुतीनं. कारण कळल्यावर तिनं आधी कपाळावर हात मारला आणि मग स्टूल ओढून बसली. लहानपणी पाठ झालेलं ते प्रकरण तिनं आम्हाला वाचून दाखवलं. व्याही खुर्चीत आडवे, मी खुर्चीच्या पायरीवर, छोटी दाराला पाठ लावून उभी, बाहेरच्या पेशंटना थोपवत. नाव आलं आणि आम्हा तिघांचेही अंदाज साफ आपटले. लेकीच्या पाठीवर थापा मारत व्याही इतके हसले की दाढेवरचा कापूस उडून छोटीच्या बुटावर पडला.

घंटा कुणी चोरली ते मी तुम्हाला सांगणार नाही. दाढ दुखत असेल तर या. तीन बैठका लागतील.