झाड नसलेला दिवस

मी एक जुनी खुंटी आहे. अंगठ्याएवढी, दोन्ही टोकांना झिजलेली. माझ्यावर कोणी टोपी अडकवत नाही की कोट टांगत नाही. एका भोकातून निघायचं आणि शेजारच्या भोकात जाऊन बसायचं, तेही महिन्यातून एकदा, एवढंच माझं काम. मला घडवणारा सुतार हेविन म्हणायचा, असली नोकरी मिळाली तर तो करवत फेकून देईल.

मित्रांनो, माझं घर वेल्सच्या डोंगरात, नेस्टा नावाच्या सुईणीच्या स्वयंपाकघरात आहे. तिथे चुलीच्या डाव्या हाताला परातीएवढी गोल फळी टांगली आहे. फळीच्या कडेने तेरा झाडांच्या तेरा चकत्या बसवल्या आहेत आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध एक भोक आहे. ही आमची झाडांची दिनदर्शिका. बर्चचा महिना, रोवनचा महिना, असं करत एल्डरपर्यंत यायचं. महिना अठ्ठावीस दिवसांचा. गावातली बाकी माणसं रविवारी चॅपलमध्ये प्रार्थनेला जात, तेव्हा नेस्टा आणि तिची सात-आठ मित्रमंडळी ओढ्याकाठी जाऊन चालू महिन्याच्या झाडाला नमस्कार करत. गाव त्यांना हसत असे, पण प्रेमाने.

लाकडं नेस्टाने स्वतः गोळा केली. झाडाला न विचारता फांदी तोडायची नाही, हा तिचा नेम. खोडावर हात ठेवायचा, आपलं नाव सांगायचं, लाकूड कशासाठी हवं ते सांगायचं आणि थांबायचं. एल्डरला तर आधी लांबून विचारायचं, मगच हात लावायचा. बाराव्या महिन्यासाठी ती खाडीवरून बोरूच्या काड्यांची जुडी घेऊन आली, तेव्हा हेविन म्हणाला, "बोरू कुठलं झाड गं? उद्या कोबी आणशील." पण त्याने चकती सुबक बसवली. खुंटीसाठी वेगळं लाकूड शोधायचा त्याला कंटाळा आला होता. चॅपलचं बाक दुरुस्त करताना उरलेला एक तुकडा त्याच्या खिशात होता, त्यातून त्याने मला कोरलं. म्हणजे मी जन्माने देवळातली आणि चाकरी मात्र झाडं पुजणाऱ्यांकडे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

खरं सांगू? मी ज्या झाडात बसते त्याची स्वप्नं मला पडतात. विलोच्या महिन्यात पाणी दिसतं, संथ, हिरवं, आणि त्यावर माझीच सावली डुलत असते. हेझलच्या महिन्यात एखादं पिकलेलं फळ डोहात पडतं आणि त्याचा डुब्ब आवाज मला दिवसभर ऐकू येत राहतो. ओकमध्ये मी फार मोठी झाल्यासारखी वाटते, पक्षी येऊन बसतात. बोरूच्या महिन्यात नुसता वारा असतो. अशी कितीतरी वर्षं मी अर्धी जागी, अर्धी झोपेत काढली आहेत.

तेरा महिन्यांचे मिळून होतात तीनशे चौसष्ट दिवस. उरतो एक, तेवीस डिसेंबर. त्या दिवसाला झाड नाही आणि फळीवर त्याला भोकही नाही. त्या दिवशी नेस्टा मला काढून एप्रनच्या खिशात ठेवी आणि दुसऱ्या सकाळी बर्चमध्ये बसवी. खिशात मला स्वप्न पडत नसे.

नेस्टाच्या हातून गावातली निम्मी पोरं जन्माला आली. बाळंतपण आटोपून ती घरी यायची, हात धुवायची, मी कुठे बसले आहे ते पाहायची आणि एका कार्डावर बाळाच्या झाडाचं नाव लिहून धाडायची. चॅपलचे कट्टर लोकसुद्धा ते कार्ड घरच्या बायबलात जपून ठेवत. दोन शेतकरी बाजारात भांडले तर एक म्हणे, "काटेरी हॉलीचाच तू, टोचणारच." असं माझं नाव झालं होतं. मला गर्व होता, कबूल करते.

मग तो तेवीस डिसेंबर आला. बर्फ पडत होतं. वनखात्यात काम करणारा गेथिन ट्रॅक्टर घेऊन नेस्टाला न्यायला आला. त्याची बायको वर जंगलातल्या घरात अडली होती. नेस्टा एप्रनसकटच निघाली, त्यामुळे मीही गेले. दुपारी मुलगी झाली. एलेरी. बाळ रडलं, आई हसली, आणि गेथिनने चहाचा कप पुढे करत विचारलं, "आमची कुठल्या झाडाची?"

नेस्टाला खोटं बोलता येत नसे. तो तिचा गुणही होता आणि खोडही. ती म्हणाली, "आजचा दिवस कुठल्याच झाडाचा नाही, गेथिन. हिला झाड नाही."

झाड नाही म्हणजे बंधन नाही, असं तिला सांगायचं होतं. तिच्या मंडळींत तो दिवस मोठा मानाचा. पण गेथिनचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "तेरा झाडं आहेत तुझ्याकडे, आणि माझ्या पोरीच्या वाट्याला एकही नाही." त्या घरी कार्ड गेलं नाही.

एलेरी आठ वर्षांची असताना एकदा शाळा सुटल्यावर एकटीच आमच्याकडे आली. शाळेच्या कुंपणाशी प्रत्येक मुलाने आपापलं झाड लावायचं ठरलं होतं. "नेस्टामावशी, मी काय लावू?" तिने विचारलं. नेस्टाने तिला दूध दिलं, बिस्किट दिलं आणि तुझा दिवस खास आहे म्हणून समजावलं. एलेरीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खास म्हणजे सगळे लावणार आणि मी बघणार, असंच ना?"

ती गेल्यावर नेस्टा बराच वेळ फळीसमोर उभी होती. मंडळींपैकी कोणी कोणी सुचवलंही की एक चौदावं भोक पाडावं, त्याने काय बिघडतं? नेस्टा ऐकेना. पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी घातलेली घडी मोडणारी आपण कोण, असं ती म्हणायची. एलेरीने त्या वर्षी कुंपणाशी काही लावलं नाही. मी तेव्हा विलोमध्ये होते, आणि पाण्यात मला एक रुसलेलं तोंड दिसत राहिलं.

वर्षं गेली. नेस्टाने सत्तरी ओलांडली, हेविन वारला, गेथिनही वारला. एका उन्हाळ्यात मंडळींच्या मेळाव्याला कॉलेजात जुनी भाषा शिकवणारी एक बाई आली. तिने फार सौम्यपणे सांगितलं की एका जुन्या लिपीतल्या अक्षरांना झाडांची नावं आहेत हे खरं, पण हे तेरा महिने कुठल्याही जुन्या पोथीत नाहीत. ते गेल्या शतकात एका पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाने जुळवले, नेस्टा पाळण्यात होती त्या सुमारास. बाकीचे म्हणाले, असेना का, आपल्याला आवडतं ना? नेस्टा उठली आणि घराकडे चालू लागली.

घरी आल्यावर तिने मला भोकातून उपटलं आणि चमच्यांच्या खणात टाकलं. मित्रांनो, महिना संपला नव्हता. असं आजवर कधी झालं नव्हतं. खणात मला चमच्यांचे धक्के बसत, कांद्याचा वास येई, आणि स्वप्न एकही नाही. बाहेर कुठलं झाड चालू आहे तेसुद्धा मला कळेना. मी खूप रडले असते, पण खुंटीला तेवढी सोय नाही. वाटलं, आता चुलीत जाणार.

नोव्हेंबरात खण उघडला. नेस्टाने मला हातात घेतलं आणि फोन लावला. एलेरी आली. तिने तिशी ओलांडली होती आणि बापासारखीच वनखात्यात लागली होती. तिचे बूट चिखलाने भरले होते, ते तिने काढले, पण ती दारातच उभी राहिली.

नेस्टा म्हणाली, "पूर्वजांचा नियम म्हणून मी तुला बाहेर ठेवलं. तो पूर्वजांचा नव्हताच. आणि असता तरी तू आठ वर्षांची होतीस. चुकलं माझं. सांग, कुठलं झाड हवं तुला?"

"आता विचारतेस? मावशी, मी कधीच विसरून गेले ते."

"विसरली असतीस तर बूट काढल्यावर घरात आली असतीस. तू दारातच उभी आहेस."

एलेरीने दारातल्या चिखलभरल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सिटका."

इथे एक सांगायला हवं. सिटका म्हणजे वनखात्याने लाकडासाठी डोंगरच्या डोंगर लावलेलं सुईच्या पानांचं परदेशी झाड. त्याच्याखाली गवत उगवत नाही, पाखरू गात नाही. नेस्टाची मंडळी त्याचा द्वेष करत. नेस्टा त्याला 'काळं तण' म्हणायची, तेही गेथिनच्या तोंडावर, आणि गेथिन हसून सोडून द्यायचा.

"दुसरं एखादं?" नेस्टाने चाचरत विचारलं.

"बघ. पुन्हा तेच." एलेरी बूट घालायला वाकली. "बाबांनी जन्मभर तेच लावलं. पावसात, हातांनी, एकेक रोप. त्यांच्या कोटाला त्याचाच वास यायचा. मला दुसरं झाड माहीतच नाही, मावशी."

नेस्टाने कोट घेतला आणि मला खिशात टाकलं. तशाच दोघी एलेरीच्या गाडीतून वर गेल्या. जंगलात धुकं उतरलं होतं. वाऱ्याने उन्मळलेलं एक झाड रस्त्याकडेला पडलं होतं. एलेरी म्हणाली, याचीच चकती कापू, हे तर मेलेलंच आहे. नेस्टाने नकारार्थी मान हलवली. ती काठी टेकत आत गेली, एका उभ्या झाडापाशी थांबली आणि तिने खोडावर हात ठेवला.

"मी नेस्टा," ती म्हणाली. "मला तुझी एक फांदी हवी आहे, गेथिनच्या मुलीसाठी. मी तुला आजवर काळं तण म्हणत आले. तू इथे आपणहून आलं नाहीस. तुला लावणारा माणूस चांगला होता. मला माफ कर."

आणि ती थांबली. धुक्याचं पाणी सुयांवरून तिच्या केसांवर ठिबकत होतं. एलेरीने अशी हजारो झाडं यंत्राने पाडली होती, पण त्यातल्या एकालाही कोणी विचारलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिने हातातली करवत खाली ठेवली. मग हातमोजा काढून तिनेही खोडावर हात ठेवला. ती रडत होती.

"काय म्हणतंय?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"अजून काही नाही."

"मग?"

"मग थांबायचं," नेस्टा म्हणाली.

मित्रांनो, आता फळीवर चौदा भोकं आहेत, आणि तेवीस डिसेंबरला मी खिशात नसते, सिटकात बसते. तुम्ही लहान आहात. पुढे तुम्हीही याद्या कराल, नियम कराल, आणि त्यांतून कोणीतरी नक्कीच बाहेर राहील. तसं दिसलं तर त्या माणसाकडे जा आणि माफी मागा. आणि मागून लगेच परत फिरू नका. त्याचं उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहा, पाऊस असला तरी.