मुक्या पेटीत भरलेलं गाणं

मित्रांनो, मला पंचवीस पट्ट्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही स्वतःचा आवाज नाही. मी एक जुना मिडी की-बोर्ड आहे. दिसायला छोट्या पेटीसारखा, पण संगणकाला वायर जोडल्याशिवाय माझ्यातून चकार शब्द निघत नाही. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत. आज मी नाशिकजवळच्या मखमलाबादमध्ये एका घरात कपाटावर पडून आहे. अंगावर धूळ आहे, पण तिची मला तक्रार नाही. माझं दुखणं निराळं आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. २००५ साली मी मेन रोडजवळच्या एका दुकानात काचेमागे उभा होतो, तेव्हा उज्वला आपल्या वडिलांना घेऊन आली. तिच्या हातात हार ओवायचा दोरा होता. घरच्या टेबलावर मॉनिटर ठेवून जेवढी जागा उरत होती, तेवढ्या मापावर तिने दोऱ्याला गाठ मारून आणली होती. एकसष्ट पट्ट्यांचा माझा थोरला भाऊ गाठीच्या कितीतरी बाहेर गेला. मधलाही गेला. मी बरोबर आत बसलो. शिवाय मी स्वस्त होतो, मला वेगळा प्लग लागत नव्हता आणि खालच्या-वरच्या सप्तकात जायला माझ्या अंगावर दोन बटणं होती.

तिच्या वडिलांना मात्र मी मुळीच पसंत पडलो नाही. सावळीराम आण्णा सातपूरच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवून गात. त्यांनी कान जवळ आणून माझी एक पट्टी दाबली, मग दुसरी दाबली.

"भाता कुठंय हिचा?" त्यांनी विचारलं. "अगं, ही तर मुकी हाय! न वाजवता पेटी घेतं का कुणी?"

"आण्णा, हिचा आवाज कॉम्प्युटरमधून येतो. बासरी म्हणा, सतार म्हणा, पाहिजे तो."

"म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं बोलणार. घे बाई, तुझी हौस हाय तर."

तेव्हापासून मी त्या घरात 'मुकी पेटी' झालो. मला राग आला नाही. खोटं काय होतं त्यात?

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. उज्वला एका क्लासमध्ये संगणक शिकवायची आणि घरी आली की माझ्यावर चाली बसवायची. पहिली पाळी करून आलेले आण्णा आधी लांबून बघत, मग स्टूल ओढून जवळ बसत. वीज गेली की दोघं मिळून वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडत. दसऱ्याला आण्णांनी खऱ्या पेटीशेजारी मला मांडलं, झेंडूचा हार घातला आणि हळदीकुंकू लावून अक्षता वाहिल्या. त्यांतला एक तांदूळ माझ्या एका पट्टीखाली गेला तो गेलाच. ती पट्टी अजून जरा अडकते. पण माझा असा मान कोणत्याही दुकानात झाला नसता.

२००७ साली आण्णांचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं, रंगाच्या वासाने बसला असेल. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यात गाठ आहे आणि जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे जगतील, पण पुन्हा बोलणार नाहीत.

त्या घरात एक भूपाळी होती. आण्णांचे वडील खंडेराव पहाटे मळ्यात फुलं तोडताना ती म्हणत. त्यांच्यानंतर ती फक्त आण्णांना येत होती. उज्वलाला जेमतेम दोन ओळी ठाऊक. मंडळाच्या कॅसेटी होत्या, पण टाळांच्या गजरात एकट्या आण्णांचा आवाज वेगळा निघत नव्हता. उज्वलाने ठरवलं, शनिवारी अंबडच्या मैत्रिणीकडून चांगला माईक आणायचा आणि आण्णांची भूपाळी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायची. ऑपरेशन सोमवारी होतं.

पण त्याआधीच्या बुधवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला की ऑपरेशन अलीकडे आणलंय, उद्या सकाळीच दाखल व्हा. उज्वला क्लासला गेली होती. तिची आई लंकाबाई फुलबाजारात होती. घरात आण्णा होते आणि मी होतो.

त्यांनी स्टूल ओढलं. उज्वलाने शिकवलं होतं तसा संगणक चालू केला आणि पडद्यावरचा लाल गोल दाबला. मंडळात रीत अशी होती की टेपरेकॉर्डर पेटीशेजारी ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि गायचं. सगळं आपोआप आत जातं. आण्णांनी तेच केलं. त्यांच्या हिशेबी पेटी आणि टेप दोन्ही मीच होतो.

आणि ते गायले. मित्रांनो, काय सांगू! घोगऱ्या, चिरलेल्या आवाजात ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले. एका हाताने माझ्या पट्ट्या दाबत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की आण्णा, थांबा, माझ्यात आवाज जात नाही! कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि किती वेळ, एवढंच मी संगणकाला कळवतो. पण मी मुका.

संध्याकाळी उज्वला आली. फोनची बातमी ऐकून ती माईक आणायला तशीच अंबडला निघाली, तेव्हा आण्णांनी तिला हाताने थांबवलं. त्यांचा आवाज आता कुजबुजीएवढा उरला होता.

"कशाला पळतेस? गाऊन ठेवलंय मी. तुझ्यासमोर बसलो असतो तर गळा भरून आला असता, म्हणून एकट्यानंच उरकलं. मुक्या पेटीत हाय सगळं."

उज्वलाने कानाला हेडफोन लावला. पियानोचे सूर येत होते. फक्त सूर. तिने पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"आण्णा," ती पाठमोरीच म्हणाली, "अजून एकदा म्हणता का? सहजच."

आण्णांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. ते कसनुसं हसले.

"आता नाय निघत. होतं तेवढं सगळं घातलं त्यात. का गं, नीट आलंय ना?"

उज्वलाचं एक बोट माझ्या पट्टीवर होतं. ते तिने तसंच दाबून धरलं.

"आलंय आण्णा," ती म्हणाली. "झकास आलंय."

"मग झालं. आता काय काढायचं ते काढू दे त्यांना."

दीड महिन्याने आण्णा घरी आले. गळ्याला भोक, हातात पाटी. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, 'भूपाळी लाव.' उज्वलाने खूप टाळलं. तेल लावते, औषध देते, उद्या लावते. त्यांनी तीच पाटी पुन्हा पुढे धरली. लंकाबाईही हातातले हार ठेवून येऊन बसली. शेवटी उज्वलाने गाणं लावलं.

सूर सुरू झाले. आण्णा स्पीकरजवळ वाकले. आवाज आता येईल, मग येईल, म्हणून वाट बघत राहिले. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि बोट स्वतःच्या छातीला लावलं. मी कुठंय?

"मी खोटं बोलले, आण्णा," उज्वला रडत म्हणाली. "नुसती पेटीच आलीय. तुम्ही नाही आलात."

कुणीच गाणं बंद केलं नाही. सूर चालूच होते. तेवढ्यात मध्येच सगळं थांबलं. स्पीकरमधून काही ऐकू येईना. उज्वला उठू लागली, तशी लंकाबाईने तिचा हात धरला.

"थांब. इथं खोकला आला आसंल त्यांना. हो ना हो?"

आण्णांनी मान हलवली. मग सूर पुन्हा सुरू झाले.

"परत लाव," लंकाबाई म्हणाली. "खोकल्याच्या जागेपासून."

त्यानंतर आण्णा तीन वर्षं जगले. भूपाळीचे शब्द त्यांनी पाटीवर लिहून दिले आणि उज्वलाने ते वहीत उतरवले. पण ते म्हणायचे कसे, हे पाटीवर लिहिता येत नाही. आण्णा गेल्यावर तो संगणकही बिघडला आणि आतल्या भूपाळीच्या सुरांसकट भंगारात गेला. नव्या संगणकाला माझी ओळख पटत नाही. म्हणून मी इथे कपाटावर आहे.

तेव्हा मित्रांनो, यंत्र लहान घ्या, मोठं घ्या, तुमच्या टेबलावर मावेल ते घ्या. पण ते काय साठवतं आणि काय साठवत नाही, ते आधी घरातल्या सगळ्यांना नीट समजावून सांगा. आणि घरात कुणी गाणारं असेल, तर त्याला माझ्यासारख्यावर सोपवून जाऊ नका, स्वतः समोर बसा. सावळीराम आण्णांची अखेरची भूपाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारा या जगात मी एकटा आहे, आणि मला ती कुणालाही ऐकवता येत नाही.