पायरीवरचं ताट

"ह्या बाबाची रांग लागल्यापास्नं फुंकरीला धड उभं ऱ्हायाची सोय न्हाई," रंगुबाई नूरजहांच्या कानाशी पुटपुटली. हातात पाण्याचा तांब्या, खांद्यावर तापलेला नातू.

कृष्णाकाठच्या त्या शहरात जुम्म्याची नमाज सुटायच्या वेळेला मोठ्या मशिदीच्या पायऱ्यांशी बायका जमत. कुंकवाच्या, बुरख्याच्या, सगळ्याच. बाहेर पडणारा प्रत्येक नमाजी तांब्यावर, लेकराच्या कपाळावर फुंकर घालून जाई. पेशइमाम चांदसाहेब शाळेत मास्तरही होते. ते फुंकर घालत आणि वर विचारत, दवाखान्यात दाखवलं का?

दुष्काळ सरला त्या साली ताटवाला बाबा येऊन पायरीवर बसला. पायरीवर बसलेल्याला उठवायचं नाही, ही मशिदीची जुनी रीत. लोकांनी तिचा अर्थ लावला, की बाबाला इमामांचा कौल आहे.

कुत्रं चावलेल्याची पाठ तो पाण्यानं पुशी, मंत्र पुटपुटून पितळी ताट दाबी, आणि ताट चिकटे! मग सांगे, "ताट जित्तं हाय, माई. जहर पितंय. पोट भरलं की आपसूक पडंल. पर सुई टोचली तर रुसंल, आन् अंडं खाल्लं तर जहर परतंल." त्याच ताटात बाबा दुपारी मटणाचा रस्सा ओरपे, तेव्हा ते कधी रुसलं नाही.

आज पाळी अकिलाची होती. नूरजहांच्या ह्या धाकटीला चावलेलं कुत्रं दुसऱ्याच दिवशी लाळ गाळत मेलं होतं. नूरजहांचा नवरा दिलावर पोटातल्या इंजेक्शनांच्या नावानंच हादरला होता. ताटानं भागत असेल तर लेकरू कशाला टोचून घ्यायचं, असं त्याचं म्हणणं.

बाबानं पोरीचा झगा वर केला. तेवढ्यात खालच्या पायरीवरून साळूबाई उठली. नूरजहांची शेजारीण. तिच्या पोरालाही, धुळाला, असंच ताट लावलं होतं. ताट पडलं तेव्हा आळीभर पेढे वाटले होते. पुढं पोरगा पाणी बघून किंचाळायला लागला आणि गेला. अंडं खाऊ घातलंस, असं बाबानं तिला सुनावलं होतं. तेव्हापासून ती दर जुम्म्याला रिकाम्या हातानं येऊन बसे, कुणाशी बोलत नसे.

ती चांदसाहेबांपुढं उभी राहिली. "मास्तर, तुमास्नी कुत्रं चावलंय का?"

"नाही, बाई."

"मग तुमच्या पाठीला लावून बगा."

बाबा हसला, जहर नाही तर ताट चिकटणारच नाही म्हणाला. चांदसाहेब हसले नाहीत. त्यांनी सदरा उतरवला, म्हातारी पाठ हौदाच्या पाण्यानं ओली करून घेतली आणि जवळ उभ्या दिलावरला ताट दाबायला लावलं.

ताट चिकटलं.

चांदसाहेब तसेच वाकून, वर्गात सांगावं तसं सांगू लागले. ओल्या पाठीवर ताट दाबलं की आतली हवा निघते, बाहेरची हवा ताट दाबून धरते. पाठ वाळली, हवा शिरली, की पडतं. विषाचा त्यात काही संबंध नाही. मग म्हणाले, "मला हे ठाऊक होतं. रीत मोडायला नको म्हणून गप बसलो. फुंकर मायेची असते, बायांनो. औषध दवाखान्यातच मिळतं."

बाबा झोळी आवरू लागला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, झालं गेलं गंगेला मिळालं. साळूबाई एकटीच पुटपुटत होती, "अंडं द्याया नको हुतं मी. त्यानं मागितलं म्हून दिलं."

ताट खणकन दगडावर पडलं.

नूरजहांनं अकिलाला काखेत घेतलं, दिलावरला मोठ्या दवाखान्याला जाणारी एसटी गाठायला पुढं पिटाळलं, आणि दोन पायऱ्या उतरून परत वळली. पेढ्याची चव तिच्याही जिभेवर होती.

"साळूबाई, धुळा अंड्यानं न्हाई मेला. सुया टोचल्या न्हाईत म्हून मेला. आन् आमी समद्यांनी बगत बगत पेढं खाल्लं."