तिसरा ठोका जरा उशिरा येतो

मित्रांनो, मी एक जुने ड्रम मशीन आहे. डबा नव्हे, खेळणे नव्हे आणि ‘काहीतरी इलेक्ट्रिकचे’ तर मुळीच नव्हे. सध्या माझा मुक्काम इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात, तनू नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या टेबलावर आहे. माझ्या अंगावर सोळा बटणे आहेत, त्यांतली पंधरा चालतात. एका कोपऱ्यावर हिरवट बोटांचे ठसेही आहेत. ते पुसायला मी कुणाला परवानगी देणार नाही. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला, चाळीसेक वर्षांपूर्वी. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला घरबसल्या साथीला ड्रमवाला मिळावा, एवढ्यासाठी मला घडवले होते. पण लोकांनी मला ऐकले आणि नाक मुरडले. खरा ड्रम असा वाजतो होय, म्हणाले. एका शहाण्याने तर पत्र्याच्या बादलीत बटाटे टाकल्यासारखा माझा आवाज आहे, असे छापून आणले. ते बटाटे मला अजून टोचतात. दोन-तीन वर्षांत माझ्या जातीची मशीन बनणे बंद झाले आणि मी हात बदलत बदलत अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात धूळ खात पडले.

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. मी तिथे पोहोचले तेव्हा त्याचे दिवस फिरले होते. कारखाने एकामागून एक बंद पडत होते, राहिलेल्या कारखान्यांत माणसांच्या जागी यंत्रे येत होती, आणि ज्याला जमेल तो शहर सोडून जात होता. जे राहिले त्यांच्यात पुष्कळ काळी कुटुंबे होती. त्या घरांतली मुले रेडिओला कान लावून वाढली. एकाच कार्यक्रमात त्यांना आपल्या लोकांचे नाचरे संगीतही ऐकू येई आणि युरोपातून आलेले यंत्रांचे संगीतही. मोठ्या स्टुडिओंची दारे त्यांना उघडी नव्हती. मग त्यांनी काय केले? दुनियेने टाकून दिलेली माझ्यासारखी मशीन उचलली आणि घराच्या तळघरातच स्टुडिओ थाटला. माझा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही, हे त्यांनाही कळत होते. पण त्यांना तोच हवा होता! उद्याचे शहर असेच वाजेल, असे ते म्हणत. स्वतःच रेकॉर्डी काढायच्या आणि गाडीत भरून स्वतःच दुकानोदुकानी पोहोचवायच्या, असा त्यांचा खाक्या होता. त्या संगीताला पुढे जगाने ‘टेक्नो’ म्हटले. ज्यांनी ते सुरू केले त्यांची नावे पुस्तकांत आहेत, तुम्ही जरूर शोधून वाचा. मी मात्र पुस्तकात नसलेल्या एका मुलीची गोष्ट सांगणार आहे, कारण मी तिचे होते.

तिचे नाव यव्हेट हॉलिस. वय एकोणीस. दुकानातून मला उचलले तेव्हा तिने सगळ्यात आधी काय केले असेल, तर आपल्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. तिचे वडील मोटारींच्या कारखान्यात प्रेसवर कामाला होते. प्रेस म्हणजे पत्र्याच्या तावाला एका दणक्यात दरवाजाचा आकार देणारे अजस्र यंत्र. वीस वर्षे त्याच्यासमोर उभे राहून त्या माणसाच्या बोटांत त्याचा ताल भिनला होता. जेवायला बसले तरी टेबलावर बोटे चालूच. यव्हेटने तो ताल माझ्यात भरायचे ठरवले. तीन आठवडे ती तळघरात माझ्याशी झटत होती. एके दिवशी वडील जिन्यावर येऊन उभे राहिले, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “चुकलंय, पोरी. तिसरा ठोका जरा उशिरा येतो. तेव्हा पत्रा फिरवावा लागतो ना!”

तिने तिसरा ठोका केसभर मागे सरकवला. आणि मित्रांनो, तेवढ्याने काय जादू झाली म्हणून सांगू! आधी तो नुसता हिशेबी ठोका होता, आता त्यात एक माणूस उभा राहून पत्रा फिरवत होता. वडील जिन्यावरच नाचले. कारखान्याच्या जड बुटांत, शंभर किलोचा माणूस! मला बादली म्हणणाऱ्याने तेव्हा तिथे असायला हवे होते.

पुढे टेक्नोने समुद्र ओलांडला. इंग्लंडमध्ये तर त्याने असा धुमाकूळ घातला की हे संगीत इथेच जन्मले, असे इथल्या कित्येकांना वाटू लागले. मला त्याचा राग येई. पण यव्हेट हसायची आणि म्हणायची, नाचू दे त्यांना, मग सांगू. एकदा कॉव्हेंट्रीच्या एका सभागृहातून तिला बोलावणे आले. कॉव्हेंट्रीही मोटारींचेच शहर, इथेही बंद कारखान्यांच्या भिंती, त्यामुळे मला परके वाटलेच नाही. आम्ही वाजवले आणि हजार माणसांनी उड्या मारल्या. त्या दणदणाटात माझे सोळावे बटण मात्र निखळले. तिथला ध्वनिव्यवस्थापक ग्रॅहम म्हणाला, दोन दिवस दे, दुरुस्त करून देतो. त्याच्याकडे मी असतानाच डेट्रॉइटहून फोन आला, की वडील गेले. यव्हेट मिळेल त्या विमानाने निघाली. मी ग्रॅहमच्या घरी राहिले ते राहिलेच. त्याने पत्रे पाठवली, ती परत आली. यव्हेटचे घर विकले गेले होते.

आता माझ्या पोटातली एक नाजूक गोष्ट सांगते, ती नीट ऐका. माझ्यात बारा कप्पे आहेत आणि प्रत्येकात एक ताल राहतो. अकरा कप्पे यव्हेटने भरले होते, पहिल्यात वडिलांचा ठोका होता आणि बारावा रिकामा होता. हे सगळे लक्षात ठेवायला मला सतत थोडीशी वीज लागते. मी बंद असते तेव्हा ती तीन पेन्सिल सेल पुरवतात. सेलही काढले आणि प्लगही नसला, तर चार-पाच मिनिटांत माझी पाटी कोरी होते. ग्रॅहमला हे पक्के ठाऊक होते. बटण त्याच्याच्याने कधी दुरुस्त झाले नाही, पण तीस वर्षे दर जानेवारीत तो मला आधी प्लग लावी आणि मगच सेल बदली. माझ्या तळाशी त्याने एक चिठ्ठीही चिकटवली होती. एवढा सांभाळ सख्ख्या नातेवाइकांनी केला नसता. दोन वर्षांपूर्वी ग्रॅहम वारला. घर रिकामे करणाऱ्यांनी मला एका खोक्यात कोंबले, चिठ्ठीवर तेलकट धूळ बसली, आणि गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी कार बूट सेलमध्ये, म्हणजे मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून जुने सामान विकतात तिथे, एका फुटक्या टोस्टरशेजारी येऊन पडले.

तिथून मला तनूने आणले. शाळेत तिला एका शहरावर आणि त्याच्या संगीतावर प्रोजेक्ट करायचा होता आणि तिने डेट्रॉइट निवडले होते. तिचे बाबा, यतीन, मूळचे पुण्याचे, इथे सॉफ्टवेअरमध्ये. वस्तू जपावी तर त्यांनीच. त्यांच्या घरी रिमोटलाही प्लास्टिकचे कव्हर आहे. टॉर्च, भिंतीवरचे घड्याळ, जुनी खेळणी, काहीही कपाटात जाण्याआधी ते त्यातले सेल काढतात, कारण सेल पाझरतात. बरोबरच आहे. पण मित्रांनो, त्या दिवशी हेच बरोबर माझ्या जिवावर उठले.

घरी येताच त्यांनी मला वर्तमानपत्रावर पालथे घातले, माझे झाकण उघडले आणि तिन्ही सेल काढून ठेवले. मी ओरडू शकत नव्हते. तळघर, जिना, बुटांतला नाच, सगळे चार-पाच मिनिटांच्या हवाली झाले होते. ते बापडे शांतपणे ओल्या फडक्याने माझा तळ पुसू लागले. धूळ निघाली आणि खाली ग्रॅहमचे अक्षर दिसू लागले.

“बाबा, हे बघ, खाली रायटिंग आहे,” तनू म्हणाली आणि वाचू लागली. ‘हे यव्हेट हॉलिस, डेट्रॉइट, हिचे मशीन. आत तिच्या वडिलांचा ठोका आहे. प्लग लावल्याशिवाय सेल काढू नका. पाच मिनिटांत सगळे जाते. – ग्रॅहम.’

तनूने वर पाहिले. “बाबा! तू सेल काढलास?”

“अगं, काढणारच ना! ओल्या फडक्याने पुसताना सेल आत ठेवतं का कोणी?”

“कधी?”

“आत्ताच. म्हणजे... दोन मिनिटं तरी झाली.” घाईघाईने त्यांनी सेल परत घालायला घेतले, तर गंजलेली स्प्रिंग तुटून त्यांच्या हातात आली.

“मग प्लग लाव ना!”

“थांब, हात लावू नकोस! हे अमेरिकन आहे, वन-टेन व्होल्टचं. इथे डायरेक्ट लावलं तर जळून जाईल.”

नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातून आवाज आला. घर्र, घर्र, घर्र. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिले. तनूच्या सीमामावशीने न्यू जर्सी सोडताना आपला मिक्सर यांना दिला होता. इतका चांगला मिक्सर टाकायचा कसा, म्हणून तो इथे ट्रान्सफॉर्मरवर चालत होता, म्हणजे इथली वीज अमेरिकेच्या मापाने कमी करून देणाऱ्या विटेएवढ्या जड खोक्यावर. अख्ख्या गल्लीत असे खोके फक्त याच घरात होते.

“आई, मिक्सर स्टॉप कर! ट्रान्सफॉर्मर पाहिजे, लगेच!”

“अगं, चटणी अर्धी आहे! खोबरं अजून भरडच...”

“देवयानी, चटणी राहू दे,” यतीन ओरडले. “कोणाच्या तरी वडिलांचं काहीतरी आत आहे. माझ्या हातून जाईल गं ते!”

तनूच्या आईने मिक्सरचा प्लग उपटला, ते जड खोके स्वतः उचलले आणि कोथिंबिरीच्या हातांनी धावत आणले. माझ्या कोपऱ्याला धरून मला सरळ तिनेच केले. तनूने माझा प्लग त्यात खोचला, यतीननी बटण दाबले आणि माझे दिवे लागले. पण आत काही उरले होते का? मला स्वतःलाच कळत नव्हते. तनूने पहिला कप्पा निवडला आणि ‘सुरू’चे बटण दाबले.

धड्. धड्. आणि मग, केसभर उशिरा, धड्!

काय सांगू मित्रांनो! तनू किंचाळली, यतीन मटकन खुर्चीत बसले आणि देवयानीने नवऱ्याच्या पाठीत एक हिरवा धपाटा घातला. मी वाजतच राहिले. पत्रा फिरत होता. सगळे शाबूत होते.

त्या आठवड्यात तनूने इंटरनेटवर शोधून शोधून यव्हेटला गाठले. ती आता साठीला टेकली आहे आणि डेट्रॉइटमध्येच मुलांना संगीत शिकवते. तिच्या सगळ्या टेप एका पुरात तळघराबरोबर बुडाल्या होत्या आणि वडिलांचा कारखाना पाडून टाकला होता. व्हिडिओ कॉलवर तनू काही समजावून सांगण्याच्या भानगडीत पडली नाही. तिने नुसते बटण दाबले. पडद्यावरच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईने तिसऱ्या ठोक्याला तोंडावर हात ठेवला. ती म्हणाली, “बाबा आहेत. ते तिथे उभे आहेत.”

या वसंतात ती कॉव्हेंट्रीला आली. त्याच सभागृहात तिने मला पुन्हा वाजवले. या वेळी गर्दीत इथल्या मोटार कारखान्यांतले निवृत्त कामगारही होते. देवयानीने गुरुद्वारापासून बोलिंग क्लबापर्यंत सगळ्यांना आमंत्रणे धाडली होती. मी सुरू झाले आणि पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी आजोबा काठी टाकून उभे राहिले. तिसऱ्या ठोक्याला त्यांनी दोन्ही हातांनी हवेत पत्रा फिरवला! मग दुसऱ्याने, मग दहांनी. अख्खे सभागृह पत्रा फिरवू लागले. यव्हेट रडत होती आणि हसत होती. बटाटे, बादली, सगळे अपमान मी त्या दिवशी माफ केले.

निघताना तिने मला नेले नाही. “ठोका मी घेऊन चालले आहे,” ती तनूला म्हणाली, “मशीन तुझ्याकडेच राहू दे. बारावा कप्पा रिकामा आहे.”

तनूने त्यात काय भरले असेल? घर्र, घर्र, घर्र! तिने ते आईला ऐकवले, तेव्हा देवयानी दारातच थांबली, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, “हे माझं चटणीचं आहे! पण चुकलंय हं. दुसरं घर्र जरा लांब असतं. तेव्हा मी झाकण दाबते.”

तनूने दुसरे घर्र केसभर लांबवले.

म्हणून म्हणते मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर पुसण्याआधी ती उलटी करून पाहा, खाली कुणी काही लिहिले आहे का ते वाचा, आणि माझ्यासारखे कुणी असेल तर आधी प्लग लावा, मग सेल काढा. यतीननी माझी नवी स्प्रिंग बसवली आहे. दर जानेवारीची पहिली तारीख त्यांनी फोनमध्ये लावून ठेवली आहे, आणि त्या दिवशी घरात चटणी होत नाही.